चार्म प्लस प्लस रिव्ह्यू: कॉलेजच्या जुन्या पीसींवर गोदावरीचा पूर चालवून बघितला

चार्म प्लस प्लस म्हणजे एकच मोठं गणित बऱ्याच मशीनच्या कोअरवर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला गणित करणारा एकेक भाग) वाटून चालवायची सी प्लस प्लसवरची सिस्टीम. आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेले इथूनच सुटतील. पाचपैकी साडेतीन. तुमचं काम सगळ्या कोअरवर सारखं वाटलं जात असेल तर याच्या नादी लागू नका, साधं एमपीआय (मशीननी एकमेकांना मेसेज पाठवून काम करायची नेहमीची पद्धत) बास झालं. पण काम एका कोपऱ्यात गोळा होत असेल आणि तो कोपरा सारखा सरकत असेल तर मात्र याच्याइतकं सुखाचं दुसरं काही मी तरी वापरलेलं नाही. एक मार्क सीआय फाईलच्या भानगडीचा कापलाय (ती काय ते पुढे येईल), अर्धा डॉक्युमेंटेशनचा.

आता सविस्तर. मी नाशकातच एका छोट्या कंपनीत सी प्लस प्लस लिहितो, पॅरलल वगैरे माझं रोजचं काम नाही. हे सगळं सुरू झालं भाचीच्या बीईच्या प्रोजेक्टमुळे. एक दिवस फोन, "मामा, सर म्हणालेत काहीतरी डिस्ट्रिब्युटेड पाहिजे, नुसती वेबसाईट घेऊन आलात तर परत पाठवीन." म्हटलं मग तुम्हाला शिकवलंय काय त्यात? तर आरएमआय, कोर्बा, बुली अल्गोरिदम, टोकन रिंग. म्हणजे आमच्या वेळचंच. कोर्बाची गंमत बघा, वेगवेगळ्या मशीनवरचे प्रोग्राम जोडायचं 1991 चं स्टँडर्ड, जावाने 2018 ला अकरा नंबरच्या व्हर्जनपासून ते जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या किटमधून, काढूनच टाकलं, तरी त्या एका प्रॅक्टिकलसाठी लॅबच्या प्रत्येक पीसीवर जेडीके 8 ठेवलेलं असतं आणि त्यावर कॅल्क्युलेटर चालवतात. दोन आकड्यांची बेरीज करायला नेटवर्क. असो.

मी आरएमआयला (तेही जावाचंच) नावं ठेवत नाही, 1997 मध्ये आलं तेव्हा ती मोठीच गोष्ट होती, दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टची मेथड आपल्याच घरातली असल्यासारखी बोलवायची. पण एक तर ऑब्जेक्ट ज्या सर्व्हरवर जन्मला तिथेच मरतो, आणि दुसरं म्हणजे मेथड बोलावली की उत्तर येईपर्यंत बोलावणारा हात बांधून उभा. सर्व्हिस म्हणून ठीक आहे. लॅबच्या सहा पीसींच्या चोवीस कोअरना मिळून एकच गणित करायचंय तिथे हे चालत नाही, सगळे एकमेकांची वाट बघत बसतात. चार्म प्लस प्लस याच दोन गोष्टी उलट्या करतं. मेथड बोलवायची म्हणजे फक्त मेसेज टाकायचा आणि पुढे निघायचं, उत्तर लागणार असेल तर समोरचा नंतर तुमची मेथड बोलवेल. आणि ऑब्जेक्ट कुठल्या मशीनवर आहे याची तुम्ही चौकशीच करायची नाही, तुमच्याकडे फक्त त्याचा प्रॉक्सी, म्हणजे त्याच्या वतीने निरोप घेणारा, ऑब्जेक्ट आत्ता कुठे बसलाय ते रनटाइम, म्हणजे चार्मचा मागे चालणारा भाग, बघून घेतो, आणि तो मध्येच उठून दुसऱ्या मशीनवर गेला तरी तुमच्या कोडमध्ये एक ओळ बदलत नाही. या ऑब्जेक्टना ते चेर म्हणतात.

प्रोजेक्टचा विषय मीच सुचवला, गोदावरीचा पूर. नाशिकच्या माणसाला पुराचं माप सांगावं लागत नाही, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं एवढं विचारलं की झालं, 4 ऑगस्ट 2019 ला तो अख्खा पाण्याखाली गेला होता ते भाचीच्या ग्रुपमधल्या पोरींना शाळेत असतानाचं आठवतं. तर सोमेश्वरपासून तपोवनाच्या पुढपर्यंत 12 किलोमीटर बाय 4 किलोमीटरचा चौकोन घेतला, बुद्धिबळाच्या पटासारखी त्याची दहा दहा मीटरची चौकोनी घरं पाडली, म्हणजे 1200 बाय 400, चार लाख ऐंशी हजार घरं. प्रत्येक घरात तीन आकडे, पाण्याची खोली आणि दोन दिशांचा वेग. उथळ पाण्याची समीकरणं, ती पुस्तकात मिळतात, त्यात नवीन काही नाही.

खरी मेख वाटणीत आहे. सरळ विचार केला तर चोवीस कोअर आहेत ना, मग नकाशाचे चोवीस तुकडे करा आणि द्या एकेकाला, एमपीआयमध्ये सगळे हेच करतात. पण पूर काय अख्ख्या नकाशावर एकदम येतो का? गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आधी सोमेश्वर, मग आनंदवल्ली, मग रामकुंड, मग तपोवन. पाणी सोमेश्वरला असताना तपोवनाचा तुकडा ज्याच्याकडे तो कोअर कोरड्या जमिनीकडे बघत बसलाय, आणि पंचवटीच्या वरच्या बाजूचे जे तुकडे आहेत तिथे तर पाणी शेवटपर्यंत चढतच नाही. कोरड्या घराचं काम म्हणजे खोली शून्य आहे का बघ आणि सोड. ओल्या घराला चारी बाजूंचा फ्लक्स, म्हणजे किती पाणी आलं-गेलं ते, काढावा लागतो. म्हणजे दोनचार कोअर घामाघूम आणि बाकीचे आरामात, आणि पुढची स्टेप (म्हणजे पुढच्या क्षणाचं गणित) सगळ्यांचं झाल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे वेग कायम सगळ्यात दमलेल्या कोअरचा.

द्राक्षाच्या खुड्याला जी टोळी येते तिचा मुकादम प्रत्येकाला एकेक एकर तोडून देत नाही, ओळी ओळीने काम देतो, कुणाची ओळ लवकर उरकली तर त्याला शेजारची. चार्म प्लस प्लसचं मूळ तत्त्व एवढंच आहे. कोअर किती आहेत ते विसरून जा, कामाचे त्याहून कितीतरी जास्त तुकडे करा, वाटायचं मी बघतो. आम्ही 50 बाय 50 घरांच्या टाइल केल्या, एक टाइल म्हणजे एक चेर, म्हणजे 24 गुणिले 8, एकशे ब्याण्णव चेर, कोअरमागे आठ. 

याचा एक फायदा लोड बॅलन्सिंगच्याही, म्हणजे काम कोअरमध्ये सारखं वाटण्याच्याही, आधी मिळतो आणि तो मला जास्त आवडला. प्रत्येक टाइलला दर स्टेपला शेजाऱ्यांच्या कडेची ओळ लागते, ती मेसेजने येते, आणि इथरनेटवर मेसेज यायला जो वेळ जातो तो काही थोडाथोडका नाही. एका कोअरकडे एकच मोठा तुकडा असेल तर तो तेवढा वेळ रिकामा. आठ टाइल असल्या तर एकीची कड अजून आली नाही तोवर ज्या दुसरीची आली तिचं काम उरकून घेतो. प्रत्येक कोअरवर मेसेजची रांग असते, रनटाइम पुढचा मेसेज उचलतो, तो ज्या चेरचा आहे त्याची मेथड चालवतो, संपली की पुढचा. मेथड एकदा सुरू झाली की मध्ये कुणी घुसत नाही आणि एका चेरवर एका वेळी एकच मेथड, त्यामुळे लॉक, म्युटेक्स असलं काही लिहावंच लागत नाही. ज्यांनी थ्रेडच्या भांडणात रात्री घालवल्यात त्यांना याची किंमत कळेल.

इन्स्टॉलेशन. सोर्स गिटहबवर आहे, बिल्ड स्क्रिप्टला नेटवर्कचा प्रकार सांगायचा, साध्या इथरनेटवरच्या लिनक्स पीसींसाठी नेट-एलआरटीएस. एकट्या लॅपटॉपसाठी मल्टिकोअर नावाचं वेगळं बिल्ड आहे, आधी तेच करा, फालतू त्रास वाचतो. बिल्ड आमच्याकडे पहिल्याच झटक्यात झालं, हे मला अपेक्षित नव्हतं. लॅबमधले सहा पीसी, चार कोअरवाले, उबुंटू टाकून. प्रत्येकावर पासवर्ड न विचारता एसएसएच (लांबून लॉगिन) व्हायला हवं, मशीनच्या यादीची एक नोडलिस्ट फाईल लिहायची, आणि चार्मरन नावाच्या प्रोग्रामने सगळीकडे एकदम सुरू करायचं. इथपर्यंत मजा. मग चार्मरन नुसता थांबून राहिला, एरर नाही काही नाही. उबुंटू स्वतःच्या होस्ट्स फाईलमध्ये मशीनचं नाव 127.0.1.1 ला, म्हणजे ज्याचं त्यालाच परत नेणाऱ्या पत्त्याला, बांधून ठेवतं, आणि मग बाकीच्या मशीनना निरोप जातो की मला माझ्याच घरी भेटा. ती ओळ काढून खरा आयपी टाकला की चालतं. हे बाकी डॉक्युमेंटेशनची पानं चाळताना पटकन कुठे सापडलं नाही, तो अर्धा मार्क यातच गेलाय.

आता सीआय फाईल. तुमच्या क्लासच्या कुठल्या मेथड बाहेरून बोलावता येतात, त्या एंट्री मेथडची यादी एका वेगळ्या फाईलमध्ये वेगळ्या छोट्या भाषेत लिहायची, मग चार्म-सी नावाचा त्यांचा कंपायलर त्यातून दोन हेडर बनवतो, एक डेक्ल आणि एक डेफ, पहिलं फाईलच्या वर जोडायचं आणि दुसरं अगदी खाली. खालचं विसरलात की लिंकर जे काय ओकतो ना, दोन स्क्रीन भरून, आणि त्यात तुमची चूक काय हे कुठेही लिहिलेलं नसतं. एंट्री मेथडला पॅरामीटर वाढवला की तीन ठिकाणी बदला, सीआयमध्ये, हेडरमध्ये, कोडमध्ये. 1993 मध्ये ऊप्स्ला कॉन्फरन्सला हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा सी प्लस प्लसमध्ये दुसरा मार्गच नव्हता हे मान्य, पण आजही ही कसरत म्हणजे डोक्याला ताप आहे. आणि एआय चॅटबॉटला विचारलं तर तो अर्धं एमपीआय आणि अर्धं चार्म असं खिचडी कोड देतो, कंपाइल झालं तर नशीब. भाचीच्या ग्रुपमधल्या एकीने शेवटी मॅन्युअलच्या प्रिंट काढून स्पायरल केली, तीच सगळ्यांना उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट जी आधी माहीत असलेली बरी: मेसेज ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने पोचतील याची हमी नाही. पुराच्या प्रोग्रामवर याचा परिणाम काय होतो ते पोरींनी सुंदर पकडलं. कुठलीही टाइल आपल्या चारही शेजाऱ्यांची कड आली की पुढच्या स्टेपला जाते, पण शेजारी एक स्टेप पुढे गेला असेल तर त्याची पुढच्या स्टेपची कड आत्ताच येऊन पडते, आणि कोडने ती आत्ताचीच समजून वापरली की पाणी हळूहळू चुकायला लागतं. क्रॅश नाही, एरर नाही. दर वेळी उत्तर थोडं वेगळं. एकूण पाण्याची बेरीज करून बघितली तेव्हा रामकुंडाजवळ पाणी आपोआप वाढत होतं. भाची म्हणाली, "मामा, हे तर तीर्थच झालं."

यावर उपाय चार्ममध्येच आहे आणि तो फार छान आहे, स्ट्रक्चर्ड डॅगर नाव त्याचं, एसडॅग म्हणतात. सीआय फाईलमध्येच लिहायचं की अमुक नंबरच्या स्टेपच्या चार कडा आल्या की मग हे काम कर, पुढच्या नंबरच्या आल्या तर त्या बाजूला ठेव. वेळापत्रक वाचल्यासारखं वाचता येतं, सगळ्या मोजण्या आणि इफ-एल्सचं जंगल जातं. म्हणजे ज्या सीआय फाईलला मी वर शिव्या दिल्या तिच्यातच सगळ्यात चांगली चीज लपवलीय. तिथे पोचेपर्यंत मात्र लोक सोडून देतात.

आता ज्यासाठी हे घ्यायचं ते. लोड बॅलन्सर. 

सुरुवातीला टाइलची वाटणी डीफॉल्टने शेजारशेजारच्या एका कोअरला अशी होते, म्हणजे सोमेश्वरच्या सगळ्या टाइल एका मशीनकडे. त्यांचं प्रोजेक्शन्स नावाचं एक टूल आहे, जावामध्ये लिहिलेलं, दिसायला जुनाट, पण प्रत्येक कोअरची टाइमलाइन काढून दाखवतं, रंगीत पट्टी म्हणजे काम, पांढरं म्हणजे रिकामा. पहिली पट्टी बघितली तर वरचे तीनचार कोअर गच्च रंगलेले आणि खाली सगळं पांढरंफटक. प्रोजेक्टरवर लावलं तेव्हा लॅबच्या असिस्टंट दादांनी, ज्यांचा या विषयाशी काही संबंध नाही, लगेच विचारलं की बाकीची मशीनं बंद आहेत का. यापेक्षा चांगलं ग्राफिक काय पाहिजे.

मग बॅलन्सर लावला. कोडमध्ये काय करायचं, दर ठरावीक स्टेपनंतर प्रत्येक टाइलने ॲट-सिंक म्हणायचं, म्हणजे "मी थांबलोय, हलवायचं तर हलवा". रनटाइमने मधल्या काळात कुठल्या टाइलला किती वेळ लागला हे मोजून ठेवलेलंच असतं, तुम्ही काही सांगायचं नाही. गृहीतक असं की आत्तापर्यंत जी टाइल जड होती ती पुढचा थोडा वेळ जडच राहील, आणि पुराला हे तंतोतंत लागू पडतं, कारण ओली टाइल एका सेकंदात कोरडी होत नाही. मग तो टाइल उचलून हलवतो आणि रिझ्यूम म्हणतो.

ग्रीडी-एलबी आधी लावून बघितला. हा सगळ्यात जड टाइल सगळ्यात मोकळ्या कोअरला देत सुटतो, आत्ता कोण कुठे आहे याची फिकीर नाही. वाटणी एकदम छान झाली, पण शेजारशेजारच्या टाइल सहा मशीनवर विखुरल्या, कडेचे सगळे मेसेज आता केबलवरून. रिफाइन-एलबी शहाणा आहे, ज्याच्यावर जास्त झालंय त्याच्याकडच्याच थोड्या टाइल काढतो, बाकीच्यांना हात लावत नाही. आमच्यासारख्या साध्या नेटवर्कवर तोच बरा. पहिल्यांदा ग्रीडी आणि त्यानंतर दर वेळी रिफाइन असा जोड दिला तर उत्तम, आणि हे सगळं कमांड लाइनवर नाव बदलून होतं, पुन्हा कोड लिहायला बसावं लागत नाही.

हलवण्याचा खर्चही काढून बघा. एका टाइलमध्ये अडीच हजार घरं, प्रत्येकी तीन आकडे, आठ आठ बाइटचे, झाले 60 हजार बाइट. गिगाबिट स्विचवर अर्धी मिलिसेकंद, शंभर एमबीपीएसच्या जुन्या डब्यावर पाच. म्हणून दर स्टेपला बॅलन्स करू नका, शंभर दोनशे स्टेपनंतर करा. कडेच्या मेसेजचं उलट आहे, 50 घरं गुणिले तीन गुणिले आठ म्हणजे 1200 बाइट, इथरनेटच्या एका पॅकेटमध्ये मावतात, तिथे स्विचच्या वेगापेक्षा पोचायला लागणारा वेळ महत्त्वाचा, आणि तो वर सांगितलं तसा आठ टाइलमध्ये लपून जातो. 

बॅलन्सर लावल्यावरची टाइमलाइन बघताना पोरी ओरडल्याच. पाणी जसं आनंदवल्लीहून पुढे सरकतं तशा टाइल मशीन बदलतात आणि पट्ट्या भरलेल्याच राहतात. पूर्ण भरत नाहीत, थोडं पांढरं राहतंच, कारण दर स्टेपला सगळ्यांना एकदा भेटावं लागतं. टाइम स्टेप किती घ्यायची हे सगळ्यात वेगवान लाटेवर ठरतं, पाच मीटर खोल पाण्यात लाट साधारण सेकंदाला सात मीटर धावते, त्यात प्रवाहाचा वेग तीन धरा, दहा मीटरच्या घरात एका सेकंदापेक्षा मोठी स्टेप घेता येत नाही. हा सगळ्यात लहान आकडा काढायला सगळ्या टाइलनी आपापला आकडा पाठवायचा, चार्ममध्ये त्याला कॉन्ट्रिब्यूट म्हणतात, लिहायला एक ओळ, पण थांबणं आलंच. दहा स्टेपनंतर एकदा काढा आणि थोडा हात राखून स्टेप घ्या, बरंच सुटतं.

टाइल हलवायची तर तिचं सामान बांधावं लागतं, त्यासाठी प्रत्येक क्लासमध्ये पप नावाची एक मेथड लिहायची, यात कुठले कुठले मेंबर आहेत ते सांगणारी. पॅक आणि अनपॅक एकाच मेथडमध्ये, दोनदा लिहावं लागत नाही, हे हुशारीचं. नवीन मेंबर टाकला आणि पपमध्ये लिहायचा राहिला तर टाइल दुसऱ्या मशीनवर पोचते पण तो आकडा वाटेत सांडतो, आणि कंपायलर गप्प. हे डिझाइन मला पटलेलं नाही.

पण त्याच पपचा दुसरा फायदा बघा. सामान दुसऱ्या मशीनकडे पाठवता येतं तर डिस्कवरही ठेवता येतं, म्हणजे चेकपॉइंट फुकट. एका कॉलने सगळं डिस्कवर, आणि परत सुरू करताना तेवढेच कोअर पाहिजेत असंही नाही. पावसाळ्यात लाईटची काय अवस्था असते ते सांगायला नको, आणि लॅब पाचला बंद, त्यामुळे पोरी चोवीस कोअरवर अर्धा पूर चालवायच्या, चेकपॉइंट पेनड्राइव्हवर, आणि उरलेला घरी लॅपटॉपवर चार कोअरवर, रात्रभर. या एका गोष्टीवर मार्क वाढवावासा वाटतो.

हे कुणाचं आहे ते सांगायचं राहिलं. इलिनॉय विद्यापीठातले लक्ष्मीकांत काळे, आयआयएससी बेंगळुरूचे माजी विद्यार्थी, त्यांच्या लॅबमधून आलंय. आडनाव वाचून ग्रुपमध्ये एकदम आपलेपणा आला, मराठी माणसाचं असंच असतं. कॉलेजातलं खेळणं आहे असं समजू नका, रेणूंचं सिम्युलेशन करणारं एनएएमडी याच्यावरच उभं आहे, त्याला 2002 मध्ये सुपरकॉम्प्युटिंगचा गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला, 2012 चा सिडनी फर्नबाख पुरस्कार काळे आणि एनएएमडीवाले क्लाउस शुल्टेन यांना मिळून, आणि 2020 मध्ये कोविडच्या विषाणूच्या काट्यांची हालचाल दाखवणाऱ्या ज्या कामाला गॉर्डन बेलचा खास कोविड पुरस्कार मिळाला त्यातही एनएएमडी वापरलेलं होतं. आपल्याकडे पॅरलल म्हटलं की 1991 चा परम 8000 आणि भटकर एवढंच नाव निघतं, व्हायव्हाला हेही सांगा.

दुसरं काय घेता येईल? पायथॉनवाल्यांना 'रे' (Ray) नावाची लायब्ररी आवडेल, त्यातही ॲक्टर आहेत, म्हणजे ऑब्जेक्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये बसतो आणि तुम्ही त्याला मेसेज टाकता, इन्स्टॉल एका कमांडने. मशीन लर्निंगचं काम असेल तर बेधडक तेच घ्या. पण दर काही मिलिसेकंदांनी शेजाऱ्याला छोटी छोटी ओळ द्यायची असल्या कामाला ते जड जातं. ज्यांच्याकडे एमपीआयचं जुनं कोड पडलंय त्यांच्यासाठी चार्मवरचंच एएमपीआय आहे, तुमचे एमपीआयचे रँक (त्यातला एकेक कामकरी) हेच हलणारे ऑब्जेक्ट होतात, चोवीस कोअरवर एकशे ब्याण्णव रँक चालवा, बॅलन्सर मिळतो, फक्त ग्लोबल व्हेरिएबल असतील तर आधी ती आवरा. आणि सीआय फाईल बघूनच ज्यांना घाम फुटला त्यांनी चार्मफोरपाय बघा, रनटाइम तेच, भाषा पायथॉन, सीआय फाईलच नाही. बीईच्या प्रोजेक्टला मुदत कमी असेल तर मी हेच सांगीन. सिंहस्थ 2027 ला आहे, पुढच्या बॅचला रामकुंडावरच्या गर्दीचं सिम्युलेशन करायला हा विषय तर आयताच आहे, गर्दीही पुरासारखीच, एका जागी जमते आणि सरकते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट. या प्रोजेक्टच्या आकड्यावरून कुणी घाटावरची दुकानं हलवायला जाऊ नये. जमिनीची उंची फुकटात मिळते ती तीस मीटरच्या ठिपक्यांची, रामकुंडाजवळ नदी म्हणजे त्यात मोजून थोडे ठिपके, घाटाच्या पायऱ्या नाहीत, पुलाचे खांब नाहीत, आणि उंचीतच काही मीटर इकडेतिकडे. पाणी मारुतीच्या कमरेला की छातीला हे यातून निघणार नाही. ग्रुपच्या गाईड सरांनी नेमकं हेच विचारलं आणि पोरींनी हेच उत्तर दिलं, सर खूश. आमचा विषय टाइल कशा सरकतात हा होता, पाणी कुठवर येतं हा नव्हता.

घेणाऱ्यांसाठी फुटकळ. शेवटी एक्झिटचा कॉल न विसरता करा, नाहीतर काम संपलं तरी प्रोग्राम संपत नाही आणि सहाही मशीनवर जाऊन मारावा लागतो. ग्लोबल व्हेरिएबल प्रत्येक प्रोसेसची वेगळी असतात, सगळ्यांना द्यायची किंमत रीडओन्ली म्हणून मेनमध्येच भरा. नेट-एलआरटीएस यूडीपीवर बोलतं, फायरवॉल चालू असेल तर आधी तो बघा, मग कोडला दोष द्या. टाइल फार बारीक करू नका, आम्ही दहा बाय दहाच्या करून बघितल्या, मेसेजच इतके झाले की गणित मागे पडलं. आणि स्विच गिगाबिटचाच घ्या, शंभरवाला ज्या कपाटात पडलाय तिथेच राहू द्या.